पहिला पगार: बाजारभाव की रास्त मोबदला?

मंडळाच्या गणेशोत्सवात गप्पांचा फड जमला की भारतातल्या भाचे-पुतण्यांच्या नोकऱ्यांचा विषय हमखास निघतो. "पुण्यात आयटी कंपनीत लागला, पण साडेतीन लाखांचंच पॅकेज आहे," असं कोणी म्हणालं की दुसरं कोणीतरी लगेच समजावतं, "अहो, सुरुवात आहे. बाजारात हाच भाव आहे." तिथे विषय संपतो. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो: बाजारात जो भाव मिळतो, तोच रास्त मोबदला का?

आधी आकडे पाहू. भारतातल्या मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत फ्रेशरचं वार्षिक पॅकेज २०१० च्या सुमारास तीन ते साडेतीन लाख होतं. आजही बहुतेक मुलांना जवळपास तेवढंच मिळतं. दरम्यान तिथल्या किमती दुपटीहून अधिक झाल्या. म्हणजे आकडा तोच दिसला, तरी पगाराची खरी किंमत निम्म्यावर आली. पीएफ वगैरे वजा जाता हातात येतात महिना बावीस-पंचवीस हजार. त्यातून हिंजवडीतलं कॉट बेसिसचं भाडं, डबा आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. कॉलेजातून आलेल्या मुलाला पहिले काही महिने नुसतं शिकवावं लागतं, आणि शिकून तो दुसरीकडे जाऊही शकतो. एकेका जागेसाठी अर्जांचा ढीग असतो. शिवाय जबरदस्ती कुठे आहे? मुलगा स्वखुशीने सही करतो.

ही 'स्वखुशी' मला पटत नाही. ज्याला नाही म्हणणं परवडतं, त्याच्याच होकाराला अर्थ असतो. डोक्यावर कर्ज, घरच्यांचे डोळे लागलेले आणि हातात एकच ऑफर, अशा वेळचा होकार म्हणजे नाइलाज. दुष्काळात विकलेल्या जमिनीच्या कागदावरही सही स्वखुशीचीच असते. पण तो भाव रास्त होता, असं गावात कोणी म्हणत नाही.

शिकवण्याच्या खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण तो पहिल्या वर्षापुरता. पुढे त्याच मुलाच्या कामाचं बिल क्लायंटला तासावर डॉलरमध्ये लागतं, पगारवाढ मात्र जुन्या आकड्यावर टक्क्यांनी होते. साडेतीन आणि सहा लाखांवर लागलेल्या दोघांना दरवर्षी सारखीच दहा टक्के वाढ दिली, तरी अडीच लाखांचा फरक दहा वर्षांत सुमारे साडेसहा लाखांचा होतो. जुना कमी पगार माणसाला असा चिकटून राहू नये, म्हणून कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. भारतात मात्र जुनी सॅलरी स्लिप मागणं नेहमीचंच.

यात आपला काय संबंध? आपल्यापैकी अनेकजण इथे ऑफशोअरचे दर ठरवणाऱ्या टेबलाशी बसतात. दर आणखी पाडून घेताना ते पैसे कोणाच्या पगारातून निघणार, एवढं तरी विचारता येतं. फ्रेशरसाठी किमान किती द्यावं, हे करारात लिहून घेण्याचा आग्रह धरता येतो. सगळीकडे तो चालेल असं नाही, पण विचारल्याशिवाय तर काहीच बदलणार नाही.

इथे आपल्या मुलीला कोणी बिनपगारी इंटर्नशिप देऊ केली, तर "अनुभव मिळतोय ना!" हे उत्तर आपल्याला पुरत नाही. मग पुण्यातल्या भाच्याला आपण तेच उत्तर कोणत्या तोंडाने देतो?