नाव लपवणं आणि नाव घेणं

परवा अभ्यासवर्गात एका पोरानं सरळच विचारलं, "बाबासाहेबांनी बडोद्यात पारशी नाव लावून खोली घेतली. मग त्या कॅनडाच्या बाईनंच काय गुन्हा केला?" सगळे गप्प. मीही गप्प.

बाई म्हंजे बफी सेंट-मेरी, गाणारी. मी जन्मानं क्री आदिवासी, लहानपणी गोऱ्या घरात दत्तक दिलेली, असं ती साठेक वर्षं सांगत आली. १९८३ साली ऑस्कर मिळालं, पहिली आदिवासी म्हणून नोंद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीसीच्या पत्रकारांनी जन्मदाखला काढला: जन्म १९४१, मॅसॅच्युसेट्स, आईबाप गोरे. जानेवारी २०२५ मध्ये 'ऑर्डर ऑफ कॅनडा' रद्द झाली. ती म्हणते, मी जाणून खोटं बोलले नाही.

आता बडोदा. साल १९१७. परदेशात शिकून आलेल्या माणसाला हिंदूंच्या गावात खोली नाही. पारशांच्या धर्मशाळेच्या रखवालदाराला हा पारशी नाही हे कळलं होतं; वहीत पारशी नाव लावतो असं बाबासाहेब म्हणाले, तो तयार झाला. धर्मशाळेत दुसरा मुक्कामी नव्हता. कुणाची जागा गेली? अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी आले, बाहेर काढलं. आणि हे सगळं बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं.

बाईचं तसं नाही. कॅनडात आदिवासींची पोरं खरोखरच घरातून उचलून गोऱ्यांना दत्तक दिली गेली. त्या पोरांना तिच्या गोष्टीत आपली गोष्ट दिसली. तिनं घेतलं ते हे. पुरस्कारबिरस्कार नंतरचं.

पण एक गोष्ट मला टोचते. पियापॉट नावाच्या क्री कुटुंबानं तिला १९६० च्या दशकात आपल्या रीतीनं लेक केलं. २०२३ नंतरही त्यांच्यातले काही तिच्या बाजूनं उभे राहिले. ते नातं खोटं म्हणणारा मी कोण? लेक झाली हे खरं. हिरावलेलं लेकरू होती, हे त्यानं खरं होत नाही.

आपल्याकडं हा धंदा कागदावर चालतो. आदिवासींचा खोटा दाखला, त्यावर नोकरी. जुलै २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कितीही वर्षं भरली तरी असली नोकरी टिकणार नाही. बरं झालं. पण खोट्यांच्या पायी खऱ्याचीच झडती. दक्षता पथक पाड्यावरच्या पोराला कुलदैवत विचारतं, लग्नाच्या चाली विचारतं. शहरात वाढलेलं पोर अडखळलं की संशयित. ही चाचणी म्हंजे अखेरची कसोटी नव्हे, हे कोर्टाला मार्च २०२३ मध्ये सांगावं लागलं. तोवर किती पोरं लटकली असतील!

पुढच्या वर्गात हे सगळं त्या पोराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "सर, खोलीमालकाला मी आडनाव दुसरंच सांगितलंय."

मी विचारलं, "भाडं वेळेवर देतोस ना?"