अपरिचिताची साक्ष

तीर्थयात्रेस निघणारा गृहस्थ पूर्वी परतलेल्या यात्रेकरूस धर्मशाळेची चौकशी करी. सांप्रत तो भ्रमणध्वनीवर अनोळखी लोकांचे अभिप्राय वाचून वृद्ध मातापित्यांचा मुक्काम ठरवितो. हा विश्वास कितपत ठेवावा?

न्यायशास्त्राने आप्ताचा शब्द प्रमाण मानला आहे. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने वस्तू साक्षात् जाणली व जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायनांनी हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लावले. तेव्हा केवळ अपरिचित म्हणून कोणाचे वचन त्याज्य ठरत नाही.

पण त्याने पाहिलेच नसेल तर? २०१७ साली लंडनमध्ये एका पत्रकाराने बागेतील खोपट उपाहारगृह म्हणून नोंदविले व स्नेह्यांकडून स्तुती लिहविली. एकही पान वाढले गेले नसता ते ट्रिपॲडव्हायझरच्या यादीत शहरात पहिले आले! भारतात २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक निघाले, परंतु ते ऐच्छिक ठेवले गेले.

जिन्याच्या पायऱ्या किती, गरम पाणी केव्हा मिळते, हे सांगणारा बहुधा तेथे राहून आलेला असतो. नुसते ‘उत्तम’ म्हणणाऱ्याविषयी तसे म्हणता येत नाही.

आज वाचणारा उद्या लिहिणाराही होतो. देयकात सूट मिळाली म्हणून पाच तारे देणारा सज्जन स्वतःस असत्यवादी समजत नाही. त्याच्या शब्दावर विसंबून कोणाची तरी आई रात्री दहा वाजता तीन मजले चढत असते.