गावाचा आराखडा कोणी आखावा?

गावाचा विकास गावानेच ठरवावा, या म्हणण्याला आज उघड विरोध करणारा माणूस विरळा. पण ‘गाव’ म्हणजे नेमके कोण, असे विचारताच एकमत संपते. हा प्रश्न कायद्याचा आहेच. मला तो त्याआधी नीतीचा वाटतो.

गोव्यात याचे जुने उत्तर गावकारी हे होते. जमीन समाईक, शेते ठरावीक मुदतीने पावणीत, म्हणजे लिलावात, द्यायची, त्या उत्पन्नातून खाजनांचे बांध, मानशी, देवळे सांभाळायची आणि उरेल ते गावकारांत ‘झोण’ म्हणून वाटायचे. बांधाकडे दुर्लक्ष झाले तर खारे पाणी आत शिरे आणि निर्णय घेणाऱ्यांचेच उत्पन्न बुडे. या व्यवस्थेचे शहाणपण एवढ्या एका गोष्टीत होते. दोषही तितकाच ठळक. झोणीचा हक्क गावकार घराण्यांतील पुरुषांचा. बायकांना, कुळांना, मुंडकारांना, चिखलात उभे राहून बांध घालणाऱ्यांना बैठकीत जागा नव्हती. तेव्हा ‘जुने ते सोने’ म्हणून मोकळे होता येत नाही.

१९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती आणि गोव्याचा १९९४ चा पंचायत राज कायदा यांनी ग्रामसभेचे दार प्रत्येक मतदाराला उघडले. मात्र जमिनीचा वापर ठरवण्याची किल्ली नगरनियोजन खात्याकडेच राहिली. लोकांच्या चळवळीमुळे २००७ साली ‘प्रादेशिक आराखडा २०११’ रद्द करावा लागला. त्यानंतरच्या २०२१ च्या आराखड्यासाठी गावोगावचे नकाशे पंचायतींपुढे ठेवून सूचना मागवल्या गेल्या; चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुविशारद त्या कामात होते. २०१२ मध्ये तोही स्थगित झाला. २०२३ साली पेडणे तालुक्यासाठी झोनिंग आराखड्याचा मसुदा आला आणि लोक खवळल्यावर मागे घेतला गेला. ‘नको’ म्हणण्याची ताकद गावांनी मिळवली आहे. ‘काय हवे’ हे ठरवण्याची रीत अजून बसलेली नाही.

ती बसत नाही, कारण गावाचे मत एक नसते. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात. त्याच तालुक्यात एका घराला त्यात मुलाची नोकरी दिसते, दुसऱ्याला गेलेली काजूची बाग. डिचोलीत सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकचे हप्ते कसे फेडावेत या चिंतेत बसलेला माणूस गावचाच होता आणि ज्याच्या शेतात खाणीचा गाळ साचला होता तोही गावचाच. दोघांपैकी एकाला ‘खरा गाववाला’ ठरवणे सोपे असते, पण ते न्यायाचे नाही.

मग केवळ हात मोजायचे काय? मला तसे वाटत नाही. गावाला आराखड्याचा अधिकार आहे तो गाव शहाणे असते म्हणून नव्हे. परिणाम भोगायला गाव तिथेच राहणार असते म्हणून. हे मान्य केले तर दोन गोष्टी ओघाने येतात. पहिली, ज्याला झळ अधिक त्याचे म्हणणे आधी ऐकायचे. कूळ असो, मुंडकार असो वा कालपरवा भाड्याने राहायला आलेले कुटुंब असो, आटणारी विहीर त्याची असेल तर पहिला शब्द त्याचा. दुसरी, जे परत करता येते आणि जे येत नाही, त्यांना एकच माप लावायचे नाही. रस्ता चुकला तर बदलता येतो. कापलेला डोंगर आणि भराव घातलेले खाजन परत मिळत नाही. त्याचे परिणाम भोगणारी पुष्कळ माणसे अजून जन्मालाही आलेली नाहीत. अशा ठरावाला एका रविवारचे बहुमत अपुरे आहे. तो निदान दोन सभांत, मधे एक पावसाळा जाऊ देऊन, पुन्हा तपासावा.

आणि अधिकार मागणाऱ्याने सभेला यावे. नकाशा वाचायला शिकावे, सर्व्हे नंबर ओळखावा, ठराव झाल्यावर बांधाच्या कामालाही हजर राहावे. गावकारीतून उचलण्यासारखे आहे ते एवढेच: ठरवणारा आणि निस्तरणारा एकच असावा. फक्त या खेपेला त्या बैठकीत सगळे गाव बसलेले असावे.