जादा कोण?

जव्हारहून मोखाड्याला निघालेल्या जीपमध्ये मी सर्वांत शेवटी चढलो. 2019 च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक जादा उतारूमागे 200 रुपये दंड ठेवलाय. पण चौदाजणांतला 'जादा' ओळखायचा कसा? आपला कायदा डोकी मोजतो. फिनलंडमध्ये खिसे मोजतात. 2023 साली तिथल्या एका धनाढ्याला 50 च्या हद्दीत 82 ने गाडी हाकल्याबद्दल 1,21,000 युरो दंड झाला! शेजाऱ्याला मी हे रंगवून सांगतोय, तोच जीप थांबली.

"पुढं साहेब उभे हायत. दोघं-तिघं उतरा, वळणापल्याड घेतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे. तेवढ्यात एक आजी टोपली घेऊन उतरलीसुद्धा. "तू बस बाबा, मला चालायची सवय हाय."

निदान 'नको, नको' तरी म्हणायचं! तेही म्हटलं. बसल्याबसल्याच.