नाम एकटे शिकता येत नाही

जर्मन भाषेतल्या लिंगांची टर उडवण्याची परंपरा जुनी आहे आणि तिचा पहिला मान मार्क ट्वेनकडे जातो. १८८० साली निघालेल्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ या प्रवासवर्णनाच्या परिशिष्टात त्याने या भाषेला मनसोक्त झोडपले. मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगम मात्र स्त्रीलिंगी, हा त्यातला गाजलेला विनोद. ट्वेनला दोष देता येत नाही. इंग्रजीने नामांची लिंगे शेकडो वर्षांपूर्वीच सोडून दिली, तेव्हा त्याला हा प्रकार वेडेपणाचा वाटणारच. नवल वाटते ते पुण्यातल्या जर्मनच्या वर्गात बसलेला मराठी विद्यार्थीही नेमका त्याच जागी हसतो याचे. ज्याच्या घरात ‘ते पोरगं’ आणि ‘ते कार्टं’ रोज ऐकू येते, ज्याच्या शेजारच्या कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगी आहे आणि लग्न न झालेल्या मुलीला सरळ ‘तें’ म्हणतात, त्याने ‘डास मेडशेन’ला, म्हणजे या नपुंसकलिंगी मुलीला, का दचकावे? ‘शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की जर्मनमध्ये कोणतेही नाम नपुंसकलिंगी होते. मुलीशी त्याचा काही संबंध नाही.

आपण जर्मनकडे इंग्रजीच्या दारातून जातो, हे यामागचे कारण. शब्दार्थ इंग्रजीत, व्याकरणाच्या संज्ञा इंग्रजीत, आणि मग तक्रारीही इंग्रजी माणसाच्याच. मराठी आठवते ती भलत्या वेळी. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी, मग ‘झोने’ स्त्रीलिंगी कशी, अशी तुलना सुरू होते आणि दहा नामांनंतर विद्यार्थी नाद सोडतो. नाद सुटणे ठीकच, कारण वस्तूला वस्तू जुळवून पाहणे हा खेळच चुकीचा आहे. जुळवायची ती यंत्रणा.

‘भिंत’ स्त्रीलिंगी आहे हे आपल्याला कुठून कळते? शब्दाकडे पाहून नाही. ‘देव’ही अकारान्त, ‘घर’ही अकारान्त. पण मूल बोलायला लागते तेव्हा ते ‘भिंतीला’ म्हणते, ‘भिंताला’ म्हणत नाही. देवाला, घराला, भिंतीला, वाटेला: सामान्यरूप तोंडात बसते आणि त्यासोबत लिंग येते. ‘लिंग’ हा शब्द चौथी-पाचवीत भेटतो तोवर काम होऊन गेलेले असते. बाहेरून आलेल्या शब्दांनाही आपण असेच आत घेतले. ‘बँकेत’ म्हटले की ती स्त्रीलिंगी झाली, ‘माझे ऑफिस’ म्हटले की ते झाले नपुंसकलिंगी. कुणी ठराव केला नाही.

माझे म्हणणे असे की जर्मन नामही याच वाटेने शिकावे. वर्गात पहिल्या दिवसापासून सांगतात: नाम कधी एकटे पाठ करू नका, ‘डेर’, ‘डी’ किंवा ‘डास’ या आर्टिकलसह करा. पुल्लिंगी निळ्या शाईने, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या. सल्ला खोटा नाही, तोकडा आहे. पाठ होते ते फक्त प्रथमेचे रूप. ‘डेर’ म्हणजे पुल्लिंग अशी गाठ पक्की बसते, आणि मग स्त्रीलिंगी म्हणून घोकलेली ‘बांक’ वाक्यात ‘डेर बांक’ होऊन येते तेव्हा सगळी शाई पुसली जाते. कारण ‘डेर’ एकटे काहीच सिद्ध करत नाही. ते पुल्लिंगी प्रथमेत येते, स्त्रीलिंगी चतुर्थीत आणि षष्ठीत येते, अनेकवचनाच्या षष्ठीत तर तिन्ही लिंगांना येते.

याच ‘बांक’वर थोडे थांबू. तिचे दोन अर्थ: पैसे ठेवायची बँक आणि बसायचे बाक. दोन्ही स्त्रीलिंगी, एकवचनात काही फरक नाही. अनेकवचनात वाटा फुटतात. बाके असतील तर ‘बेंके’, बँका असतील तर ‘बांकेन’. ही फाळणी समासातही टिकते: बागेतली बाके ‘पार्कबेंके’, समुद्रातले वाळूचे दांडे ‘झांडबेंके’, पण रक्तपेढ्या ‘ब्लूटबांकेन’ आणि संगणकातले माहितीसाठे ‘डाटेनबांकेन’. लांबट पसरलेले ते एका बाजूला, साठवून ठेवणारे ते दुसऱ्या.

विभक्तीत गेले की आणखी गंमत. बँकेत शिरताना ‘इन डी बांक’, आत उभे असताना ‘इन डेर बांक’. मराठी दोन्ही वेळा ‘बँकेत’ म्हणून मोकळी होते. हालचाल आहे की नाही हे जर्मन आर्टिकलवर सोपवते. पैसे मात्र असतात ‘आउफ डेर बांक’, म्हणजे अक्षरशः बँकेवर, आणि माणूस बाकावर बसतो तोही ‘आउफ डेर बांक’. फुटबॉलच्या सामन्यातला राखीव गडी आणि एखाद्या आजोबांची बचत जर्मनमध्ये एकाच जागी बसून असतात. ‘डुर्ख डी बांक’ म्हणजे सरसकट, एकजात. काम ‘आउफ डी लांगे बांक’ सरकवले, म्हणजे लांबणीवर टाकले. विशेषनामालाही सुटका नाही. संस्थेचे नाव ‘डॉइचे बांक’, पण तिथे नोकरी करणारा असतो ‘बाय डेर डॉइचेन बांक’. बातमी ‘लोकसत्तेत’ आली म्हणणाऱ्याला यात परके काय वाटावे? जर्मन पाकिटावर पुरुषाच्या नावाआधी ‘हेर’ नव्हे, ‘हेर्न’ लिहितात, कारण पत्र त्याला पाठवायचे असते. आपल्या पत्रांवरचे ‘यांस’ वेगळे काय करत होते?

ही चार-पाच वाक्ये ज्याच्या जिभेवर बसली त्याला ‘बांक’चे लिंग वेगळे पाठ करावे लागत नाही.

नियम आहेत, आणि ते शिकावेत. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ प्रत्ययांची नामे स्त्रीलिंगी. वार, महिने, ऋतू पुल्लिंगी. समासात शेवटच्या पदाचे लिंग. क्योप्के आणि झुबिन या भाषाभ्यासकांनी १९८०च्या दशकात दाखवले की वरवर स्वैर वाटणाऱ्या नामांतही बरीच शिस्त आहे. ‘मूट’ म्हणजे धैर्य, हे पुल्लिंगी; पण त्याच्या सामासिक शब्दांत नम्रता, मृदुता, खिन्नता दाखवणारे ‘डेमूट’, ‘झान्फ्टमूट’, ‘श्वेअरमूट’ स्त्रीलिंगी, आणि गर्व, मस्ती दाखवणारे ‘होखमूट’, ‘यूबरमूट’ पुल्लिंगी. आत वळणारे भाव बाईकडे, बाहेर उसळणारे पुरुषाकडे, अशी ही वाटणी. ती समाजाने केली की जुन्या रूपांच्या ओघात झाली, यावर मी पैज लावणार नाही.

लिंग वस्तूत शोधण्याचा प्रयत्न आपल्याकडे फार आधी करून झाला आहे. पतंजलीने महाभाष्यात शरीरखुणांवरून लिंग ठरवण्याची व्याख्या तपासली आणि खाट व वृक्ष यांच्यापाशी ती कशी कोसळते ते दाखवले. बायकोसाठी संस्कृतात भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी आणि दार चक्क पुल्लिंगी, तेही बहुवचनात. लिंग लोकांच्या वापरावर उभे आहे, ते व्याकरणाने शिकवायची गरज नाही, इथवर ती चर्चा जाते. गंमत अशी की कोशकारांनी मात्र ते शिकवायचे सोडले नाही. अमरकोशाचे मूळ नावच ‘नामलिंगानुशासन’ आहे, आणि लिंग बहुतेक ठिकाणी शब्दाच्या रूपावरून आणि सोबतच्या शब्दांवरून ओळखायचे आहे. पाठांतर होतेच, पण ते सोबतीसकट.

लोकांचा वापर जर्मनमध्येही एकमुखी नाही. ईमेल जर्मनीत स्त्रीलिंगी, ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये नपुंसकलिंगीही. लोणी प्रमाणभाषेत स्त्रीलिंगी, दक्षिणेकडच्या बोलीत पुल्लिंगी. मराठीत ‘तो वेल’ आणि ‘ती वेल’ दोन्ही नांदतात, तसेच हे.

मराठी सगळीकडे हात देईल असे मात्र नाही. कोणत्या नामाचे लिंग कोणते, हे ती सांगू शकत नाही. शिवाय एक सवय ती आडवी घालते. आपण ‘जुने बाक’ म्हणतो आणि ‘बाक जुने आहे’ही म्हणतो, विशेषण दोन्हीकडे लिंग सांभाळते. जर्मनमध्ये नामाआधी आलेले विशेषण वळते, ‘डी आल्टे बांक’. वाक्याच्या शेवटी आले की कोरडे, ‘डी बांक इस्ट आल्ट’. मराठी माणूस तिथेही शेपूट जोडायला जातो. क्रियापदाचे तसेच: बाई आली काय, बुवा आला काय, जर्मन क्रियापद दोघांना एकच. इंग्रजीतून आलेल्याला या दोन ठिकाणी काहीच करावे लागत नाही. आपल्याला मात्र हात आवरावा लागतो, आणि नेमक्या याच धड्याला इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.