बंदिश : मिळकत की अमानत?

शिरूरच्या पेठेत माझ्या चाचांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांच्या शेरवानीसाठी दौंडहून रेल्वेतली माणसं न्हावरामार्गे एसटीने येत. पण कापड बेतायची वेळ आली की चाचा हाताखालच्या पोराला चहा आणायला पिटाळत. एका पोराने पडद्याआडून पाहून ती बेतणी उचलली. चाचांनी त्याला काढून टाकलं. अब्बांनी समजावलं, तर म्हणाले, "हुनर वाटून टाकलं तर माझ्याकडे राहील काय?" तेव्हा मला ते पटलं होतं.

हा सवाल पुन्हा समोर आला तो डॉ. प्रभा अत्रे यांच्या बंदिशींमुळे. पुण्यात 1932 साली जन्मलेल्या आणि जानेवारी 2024 मध्ये निवर्तलेल्या या गायिकेने परंपरेने दिलेलं नुसतं गायलं नाही. स्वतः बंदिशी बांधल्या, 'अपूर्व कल्याण'सारखे नवे राग रचले. आणि या रचना त्यांनी कुलपात ठेवल्या नाहीत. 'स्वरांगिनी'सारख्या पुस्तकांतून छापून दिल्या. आज कुणीही त्या शिकू शकतो.

यात विशेष काय, असं वाटेल. पण आपल्या उस्तादांची जुनी रीत आठवा. खास चिजा घरातल्या मुलांसाठी राखून ठेवायच्या. पंडित भातखंडे यांना बंदिशी जमवून छापताना किती दारं ठोठवावी लागली! या रीतीला नुसतं कद्रूपण म्हणणं अन्याय होईल. ना जमीन, ना पेन्शन. चीज हीच ज्याची भाकरी, तो ती फुकट कशी देणार?

तरीही त्याच उस्तादांत अब्दुल करीम खाँसाहेब होते. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं आणि घराबाहेरच्या शागीर्दांना शिकवलं. त्यांच्याच मुलांकडे, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे, प्रभाताई शिकल्या. कैरान्याहून आलेलं धन असं मराठी घरात रुजलं आणि प्रभाताईंनी त्यात भर घालून ते पुढे दिलं. अमानत हक्कदाराला पोचती करावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. विद्येचा हक्कदार कोण? माझ्या मते, जो मेहनत करायला तयार आहे तो.

पण मग देणाऱ्याचा काहीच हक्क नाही? आहे. नियामत खाँ बंदिशीत 'सदारंग' हे नाव गुंफत, फैयाज खाँ 'प्रेमपिया'. जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास' म्हणवीत. चीज गावोगाव जाई, पण रचणाऱ्याचं नाव सोबत घेऊन. आज मैफलीत कुणी नवी बंदिश गातो आणि ती कुणाची हे सांगत नाही, तेव्हा तोही अमानतीत खयानतच करतो. लपवणारा चुकतो, तसा नाव गिळणाराही चुकतो.

चाचा गेले. त्यांचं दुकान आता मोबाइलवाल्याकडे आहे. काढून टाकलेल्या त्या पोराने दौंडला दुकान थाटलं. आता त्याचेही केस पिकले आहेत. गेल्या ईदला मी त्याच्याकडे कुर्ता शिवायला टाकला. एका पोराला शेजारी बसवून तो कापड बेतत होता, काही न लपवता. फक्त ही बेतणी कुणाची, ते त्याने पोराला सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं.