आकृतीत नसलेली रेघ

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश भरते, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. ती तेवढीच का भरते, असं विचारलं की बहुतेकजण थबकतात. सिद्धता तर चार ओळींची आहे. त्रिकोण अबकच्या अ या शिरोबिंदूतून बक या पायाला समांतर रेषा काढायची. व्युत्क्रम कोन एकरूप असल्यामुळे पायाचे दोन्ही कोन वर अपाशी येऊन बसतात आणि तिघांचा मिळून सरळ कोन होतो. हे सगळं जिच्यामुळे घडतं, ती रेषा मूळ आकृतीत नसते. पक्षात तिचा उल्लेख नाही, साध्यातही नाही. सोडवणाऱ्याने ती स्वतः आणायची असते.

भूमिती खरी शिकली जाते ती या रेघेपाशी, असं मला ठामपणे वाटतं. एकदा रेघ काढली की पुढे पायरीपायरीने कारणं लिहीत जायचं. पण ती कुठून काढायची, हे कोणतंही प्रमेय सांगत नाही. त्यासाठी आकृतीकडे बघत बसावं लागतं, दोन-तीन रेघा काढून खोडाव्या लागतात.

भौतिकशास्त्राचं उदाहरण याच्या उलट कसब मागतं. तिथे समोर असलेलं सोडून द्यायचं असतं. ‘हवेचा विरोध नगण्य माना’ हे वाक्य आपण सवयीने वाचून पुढे जातो, पण त्यामागे मोठा निर्णय आहे. 1638 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॅलिलिओने उतरत्या फळीवरच्या प्रयोगाचं वर्णन केलं आहे. फळीच्या खाचेला गुळगुळीत चर्मपत्र लावून त्याने त्यातून ब्राँझचा गोळा घरंगळत सोडला. घर्षण जमेल तेवढं कमी केल्यावर नियम दिसला: अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दगड पडताना हवा विसरली तरी चालते, पीस पडताना चालत नाही. कुठे काय विसरायचं, ही समज सूत्राच्या आधी यायला हवी.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे 1150 च्या सुमारास, ही दोन्ही कसबं एकाच उदाहरणात भेटतात. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे आणि खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येतो आहे. मोर तिरका झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? मोराच्या झेपेला जरासाही बाक नाही, सापाची वळवळ नाही; हे सोडून दिलं. खांब, जमीन आणि झेप यांचा काटकोन त्रिकोण कुणी काढून दिलेला नाही, तो आणला. आता बिळापासूनचं अंतर क्ष धरलं, तर 81 आणि क्षचा वर्ग यांची बेरीज (27 वजा क्ष) या संख्येच्या वर्गाइतकी होते. उत्तर येतं 12 हात. मोराची झेप 15 हात, सापाची वाटही 15 हात.

उत्तर आलं की उदाहरण संपलं, असं आपण धरून चालतो. दहावीच्या मुलाला जमेल असं एक उदाहरण पाहा. 25 मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण 10 धरलं, तर तो जमिनीवर कधी पडेल? वर्गसमीकरणाची दोन उत्तरं येतात: 5 सेकंद आणि उणे 1 सेकंद. ‘काळ ऋण नसतो’ असं लिहून मूल दुसरं उत्तर खोडतं आणि गुण मिळवतं. पण त्या उणे एकला विचारून पाहावं. हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला 30 मीटर वेगाने वर फेकला असता, तर नेमका शून्य क्षणाला तो गच्चीपाशी असता आणि त्याचा वेग 20 असता. शेवटी तो जमिनीवर आदळतो तोही 30 च्याच वेगाने. गच्ची मध्ये नसतीच तर चेंडूचा सगळा प्रवास कसा झाला असता, ते समीकरणाने न विचारता सांगितलं आहे. खोडलेल्या उत्तरात अख्खा धडा होता.

गाईडमध्ये रेघ आधीच काढलेली असते, नगण्य काय ते ठरलेलं असतं आणि ऋण उत्तर खोडून ठेवलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरतं ते उतरवून घेणं. वर्गात आणि घरी ‘उत्तर काय आलं?’ एवढंच विचारण्याऐवजी ‘ही रेघ इथेच का काढलीस?’, ‘हे का सोडलंस?’ असंही विचारायला हवं, आणि त्याला वेळ द्यायला हवा. एखादं उदाहरण चार दिवस सुटलं नाही तरी बिघडत नाही. त्या चार दिवसांत मूल स्वतः काही मांडून बघतं, मोडतं, पुन्हा मांडतं. पुढे आयुष्यात जे प्रश्न येतात, त्यांत पक्ष आणि साध्य कुणी लिहून देत नाही. तेव्हा हीच सवय कामाला येते.